बाईंची कवळी आणि कुवेतचं क्रीम

यमुनाबाई तेंडोलकरांची कवळी पहिल्यांदा सुटली ती सोसायटीच्या वार्षिक सभेत, आणि तीही 'सांडपाणी' या शब्दावर.

विषय साधाच होता. गोखिवऱ्यातल्या त्यांच्या इमारतीमागे सांडपाणी तुंबत होतं. महानगरपालिका नवी नवी झाली होती, त्यामुळे आता नेमकं कोणाच्या नावानं ओरडायचं हे कमिटीला ठाऊक नव्हतं. यमुनाबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि "सां" म्हणतात न म्हणतात तोच वरची कवळी टाळूवरून निसटून खालच्या कवळीवर अशी आपटली, की सेक्रेटरींनी "दारात कोण आहे बघा रे" म्हणून मागे पाहिलं. बाईंनी तोंडावर पदर धरला आणि खाली बसल्या. सांडपाण्याचा विषय तिथेच तुंबला.

दुसऱ्या कोणाची कवळी सुटली असती तर एवढं काही नव्हतं. पण यमुनाबाईंनी सगळी नोकरी वसईच्या शाळेत मराठी शिकवण्यात घालवली होती. खाडीकाठची, भातशेतीच्या गावांतली पोरं 'पानी' म्हणत त्यांच्या वर्गात शिरायची आणि 'पाणी' म्हणत बाहेर पडायची. ज्यांना उभ्या आयुष्यात षटकोनाशी काही देणंघेणं नव्हतं, अशी माणसंही वसईत 'षटकोन' व्यवस्थित म्हणत, ते बाईंच्या धाकानं. अशा बाईंनी भाजीवाल्याकडे शेवग्याच्या शेंगा मागाव्यात आणि त्याच्या कानी पोचेपर्यंत त्या शेंगांना बारीक शीळ फुटावी, हे बाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी शेंगा आणणं सोडलं. मग शेपू सोडली. घरात फक्त ज्यांच्या नावात स आणि श नाहीत अशा भाज्या येऊ लागल्या.

"महिनाभर दुधी खातोय मी," विठ्ठलराव म्हणाले. विठ्ठलराव म्हणजे बाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. "त्यापेक्षा तू बोलणंच जरा कमी केलंस तर?"

हा उपाय त्यांनी फार पटकन आणि फार आनंदानं सुचवला, म्हणून तो तिथल्या तिथे फेटाळला गेला.

ही बातमी समोरच्या दारात राहणाऱ्या क्लेमेंटीन घोन्साल्विसला कळायला वेळ लागला नाही. क्लेमेंटीनचा जन्म दुसऱ्यांच्या अडचणी सोडवण्यासाठी झाला होता आणि स्वतःला अडचणी नसल्यामुळे तिच्याकडे वेळही भरपूर होता.

"बाई, तुमी डॉक्टरकडे कशाला जाता? तो कवळी काढून ठेवणार, मग पंधरा दिवस या, उद्या या, परवा या," ती म्हणाली. "आमची उर्सुला हाय ना कुवेतला, नर्स. तिकडे कवळी चिकटवायचं क्रीम मिळतं. तिच्या सासूनं लावलं आणि लग्नात मटणाचं हाड फोडलं. मी फोन करते."

उर्सुला म्हणजे क्लेमेंटीनची नणंद. तिनं कोणा येणाऱ्याच्या हाती एक ट्यूब पाठवली. ट्यूब छान गुलाबी होती, तिच्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र होतं आणि बाकी सगळा मजकूर अरबीत होता. खोका वाटेतच कोणीतरी सामान हलकं करायला फेकून दिला होता.

"आमचे मिस्टर वाचतील," क्लेमेंटीन म्हणाली. "कुवेतला गाडी चालवायचे."

प्लासिड घोन्साल्विसांना बनियनवरच बोलावण्यात आलं. त्यांनी चष्मा लावला, ट्यूब लांब धरली, जवळ धरली, उलटी केली.

"हे शून्य हाय," ते म्हणाले. "आणि हे... हे आमच्या पार्किंगच्या पाटीवर पण होतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बहुतेक 'सक्त मनाई'."

"कशाला मनाई?"

"तिकडे गाडी लावायला होती," प्लासिड म्हणाले. "इकडे काय ते मी कसं सांगणार?"

क्रीम किती लावायचं हा प्रश्न अशा रीतीनं शिल्लक राहिला. विठ्ठलरावांचं मत होतं की कुठलीही चिकटवायची वस्तू सढळ हातानं लावावी, म्हणजे पुन्हा पुन्हा त्रास नको. आपल्या घरातलं पायपुसणं, बाथरूमचा आरसा आणि टीव्हीचा रिमोट याच तत्त्वावर आजवर टिकून आहेत, असं त्यांनी निदर्शनास आणून दिलं. बाईंना ते पटलं. संसारात माणसाला नवऱ्याचं पटतं ते नेमकं चुकीच्या दिवशी.

त्यांनी दोन्ही कवळ्या नळाखाली धुतल्या, तशाच ओल्या ठेवल्या, आणि टूथपेस्ट लावतात तशी क्रीमची जाडजूड रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत काढली. कवळ्या बसवल्या, दात घट्ट आवळले आणि उर्सुलाच्या सासूला मनात धरून अंमळ थांबल्या.

क्रीमनं काम चोख केलं. वरची कवळी वर चिकटली, खालची खाली चिकटली, आणि उरलेलं क्रीम कडांवरून ओघळून दातांच्या फटींत शिरल्यामुळे वरची खालचीलाही चिकटली. पुदिन्याचा वास घशापर्यंत गेला. बाईंनी तोंड उघडून पाहिलं. ओठ उघडले, पण दात उघडले नाहीत.

आणि दाराची बेल वाजली.

बाहेर त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक उभे होते. हे हर्षवर्धन चुरी, एकेकाळी बाईंचेच विद्यार्थी. अजूनही बाईंसमोर आले की ते आपोआप हात मागे बांधत. बरोबर दोन शिक्षिका आणि एक नारळ होता.

"बाई, शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे," ते म्हणाले. "आपण यावं, पहिल्या रांगेत बसावं अशी विनंती."

बाईंना 'हो, जरूर येईन' म्हणायचं होतं. त्या "हंऽ" म्हणाल्या.

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. आवळलेले दात, ताठ मान, एकच हुंकार. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण बाईंना द्यायला आपण विसरलो होतो ते त्यांना आठवलं.

"पहिल्या रांगेत नाही, बाई, व्यासपीठावर!" ते घाईघाईनं म्हणाले. "दीपप्रज्वलन आपल्याच हस्ते."

बाईंनी हातानं 'तसं काही नाही' अशी खूण केली. ती मुख्याध्यापकांना 'एवढ्यानं काय होतंय' अशी दिसली.

"आणि भाषण! मुख्य भाषण आपलंच ठेवू. विषय 'शुद्ध उच्चार'. आपल्याशिवाय दुसरं कोण बोलणार त्यावर?"

बाईंनी कळवळून विठ्ठलरावांकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी सावरायचं आहे एवढं त्यांच्या लक्षात आलं. "तिला फार आनंद झालाय," ते म्हणाले. "शब्द फुटत नाहीये."

मंडळी नारळ देऊन, पाया पडून, चहा न घेता गेली.

मग कवळ्या काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. क्लेमेंटीननं खोबरेल तेल आणलं. प्लासिडनी एक बाटली आणली. हिनं तर बोटीचं इंजिनसुद्धा सुटतं असं ते म्हणाले, पण बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाटलीसकट परत गेले. अखेर कोमट पाण्यात मीठ घालून, हळूहळू चुळा भरभरून, मऊ फडक्यानं पुसत पुसत बाई मोकळ्या झाल्या. मोकळं झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य विठ्ठलरावांना उद्देशून उच्चारलं. ते इथे देण्यासारखं नाही, पण उच्चार स्वच्छ होते.

यानंतर शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. पण क्रीमची चटक वाईट. दुसऱ्या दिवशी बाईंनी थोडं कमी लावून पाहिलं आणि 'शशांक', 'सुशोभित', 'शिस्त' असे शब्द एकामागून एक खणखणीत निघाले. बाई खुलल्या. घरात शेपू आली, शेंगा आल्या. दुपारी ढिलं वाटलं की त्या पुन्हा लावत, चहानंतर पुन्हा लावत. हिरड्या आतून हुळहुळत होत्या, एका जागी लाल झालं होतं, पण भाषण तोंडावर आलेलं असताना हिरड्यांची दखल कोण घेणार? ट्यूब मात्र दखल घेत होती. बघता बघता ती चपटी झाली.

क्लेमेंटीननं पुन्हा कुवेतला फोन केला. या वेळी येणारं कोणी नव्हतं, म्हणून उर्सुलानं पार्सल केलं, आणि ते पार्सल मुंबईच्या कस्टमच्या कचेरीत अडकलं. विठ्ठलराव सोडवायला गेले.

खिडकीत बसलेल्या साहेबांनी पार्सल कानाजवळ हलवून पाहिलं. "आत काय आहे?"

"कवळी चिकटवायचं क्रीम."

"म्हणजे चिकट पदार्थ. गोंद, सरस वगैरे. हे कारखान्याच्या मालात जातं. परवाना आहे?"

"अहो, कारखाना कसला? घरी वापरायला आहे. दातांना."

"कोणाच्या दातांना?"

"बायकोच्या."

"बायको कुठे आहे?"

"घरी."

"आणि दात?"

विठ्ठलराव क्षणभर गोंधळले. "तेही तिच्याबरोबरच आहेत."

"मग कसं होणार?" साहेब दुःखानं म्हणाले. "एक तर दात दाखवा, नाहीतर डॉक्टरचा दाखला आणा. त्याशिवाय मी काही करू शकत नाही."

विठ्ठलराव परत आले तेव्हा त्यांचा बँकेतला सगळा रुबाब उतरला होता. आयुष्यभर लोकांना 'हा कागद नाही, तो कागद आणा' असं त्यांनी सांगितलं होतं. खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. यावर त्यांनी दोन दिवस चिंतन केलं.

अशा रीतीनं केवळ एका दाखल्यासाठी यमुनाबाई वसई स्टेशनजवळच्या दंतवैद्याकडे गेल्या. दारावर पाटी होती, डॉ. ऋतिका भोईर. आत गेल्यावर डॉक्टर खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"बाई! मी ऋतिका. सातवी ब. तुम्ही मला 'पाणी' शंभरदा म्हणायला लावलं होतंत."

"आलं होतं का मग?"

"घरी जाऊन म्हटलं तर आजी म्हणाली, पोरीला पडसं झालंय." ऋतिका हसली. "बसा. आ करा."

बाईंनी आ केला आणि ऋतिकाचं हसू मावळलं. तिनं कवळ्या काढल्या, क्रीमचे थर पुसले, हिरड्या पाहिल्या.

"बाई, हे किती दिवस लावताय? आणि दिवसातून किती वेळा?"

बाईंनी आकडा सांगितला नाही. वर्गात गृहपाठ न करता आलेली मुलं जिथे बघतात तिथे, म्हणजे खाली, त्या बघत राहिल्या.

"दाखला मी देणार नाही," ऋतिका म्हणाली. "रागावू नका. क्रीम वाईट नाही. पण ते नीट बसणाऱ्या कवळीला थोडा आधार द्यायला असतं, सैल कवळीची पोकळी भरायला नाही. दात गेले की हाड झिजतं, हिरडी बसते, आणि कवळी मात्र तेवढीच राहते. बूट मोठा झाला म्हणून तुम्ही त्यात चिखल भरून चालाल का?"

विठ्ठलराव बाहेरून डोकावले. "मी तर म्हणत होतो, सुतारकामाचा पांढरा गोंद..."

"काका!" ऋतिका अशी ओरडली की बाहेरचा पेशंट उठून गेला. "असलं काही तोंडात गेलं तर मी पोलिसांना बोलवीन. आणि हे क्रीमसुद्धा दिवसातून एकदाच. कवळी स्वच्छ धुऊन, पुसून कोरडी करायची, मटाराच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके, तेही कडांपासून लांब. बाहेर ओघळलं म्हणजे जास्त झालं. काही क्रीममध्ये जस्त असतं, ते रोज पोटात जात राहिलं तर हातापायांना मुंग्या यायला लागतात. झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही रात्र असते, बाई."

बाईंना हे शेवटचं वाक्य आवडलं. मराठीही बरी होती.

"मग उपाय काय?"

"कवळीला आतून नवीन अस्तर लावायचं. झब्ब्याला लावतात तसं. नाहीतर कवळीच नवी करायची. तिसरा उपाय म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात पक्के करायचे."

"स्क्रू?" विठ्ठलराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पायपुसण्याबद्दल बोलतानाचं तेज आलं होतं.

"अस्तर," बाई म्हणाल्या.

अडचण एकच होती. भाषण शनिवारी सकाळी होतं. कवळ्या विरारला, ऋतिकाचं काम जिथे होई त्या प्रयोगशाळेत जाणार, शुक्रवारी संध्याकाळी येणार. तोवर हिरड्यांना विश्रांती. बाईंनी दोन दिवस पेज आणि मौन पाळलं. विठ्ठलरावांना मौनाची सवय नसल्यामुळे ते बेचैन झाले आणि उगाचच भांडी घासू लागले.

शुक्रवारी संध्याकाळी विरारची वीज गेली. प्रयोगशाळेतली यंत्रं थांबली. रात्री ऋतिकाचा फोन आला, "बाई, काळजी करू नका. पहाटे वीज येईल. मी स्वतः जाते, घेऊन थेट शाळेत येते. तुमचं भाषण शेवटी आहे ना? आधी नगरसेवक, मग अध्यक्ष, मग सत्कार. दुपार होईल."

हिशेब चोख होता. शाळेचा कुठलाही कार्यक्रम आजवर वेळेवर सुरू झालेला नव्हता आणि कुठलाही नगरसेवक दोन मिनिटांत खाली बसलेला नव्हता. त्या शनिवारी दोन्ही झालं. नगरसेवकांना पुढे आणखी तीन उद्घाटनं होती. "शाळा मोठी होवो," एवढं म्हणून ते निघून गेले. अध्यक्षांचा घसा बसला होता. सत्काराच्या शाली आल्याच नव्हत्या. हर्षवर्धन चुरींनी घाम पुसत माईक हातात घेतला.

"आणि आता, ज्यांची आपण सगळे वाट पाहतोय..."

यमुनाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. रिक्षा नव्हती. फक्त क्लेमेंटीन तिथे उभी होती आणि तिनं दोन्ही हात हलवून 'नाही' अशी खूण केली. समोर सबंध शाळा होती, माजी विद्यार्थी होते, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षिका होत्या. विषय, शुद्ध उच्चार. तोंडात एकही दात नाही.

त्यांनी आधी आजारपणाचा विचार केला. भोवळ येणं सोपं होतं, खुर्चीही मऊ होती. पण आयुष्यात अनेक पोरांना 'तयारी झाली नाही म्हणून पोटात दुखतं का रे?' असं त्यांनी विचारलं होतं. त्या उठल्या आणि माईकसमोर आल्या.

"नमफ्कार," त्या म्हणाल्या.

शिक्षिकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी हात मागे बांधले. मग पुढच्या रांगेत बसलेली दुसरीतली एक मुलगी खुदकन हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

"का हफलीफ?" बाईंनी विचारलं. स चा फ झाला होता, त आणि द ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचे होते, पण आवाज जुनाच होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "नाव काय?"

"अनुष्का," ती मुलगी उभी राहून म्हणाली, म्हणजे म्हणायला गेली. निम्मी हवा फटीतून निघून गेली. मग ती भाबडेपणानं म्हणाली, "बाई, माझेपण पडलेत."

"तुझे परत येतील गं," बाई म्हणाल्या. "माझे रिक्षानं येताहेत."

मैदान हसलं. ते हसू वरपासून खालपर्यंत गेलं, परत आलं आणि बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी अनुष्काला हाताला धरून माईकपाशी आणलं आणि दुसऱ्याच क्षणी भाषण बाजूला राहून तास सुरू झाला.

"क ख ग म्हणा. कंठातून येतात. माझे आले? आले. प फ ब भ म म्हणा. ओठ आहेत तोवर येणार. ट ठ ड ढ ण म्हणा. जीभ वर टाळूला. तेही आले. आता त थ द ध म्हणा!" बाईंच्या तोंडून जे आलं ते कुठल्याच वर्णमालेत नव्हतं. "का नाही आले? कारण यांना म्हणतात दंत्य. जीभ जाते दाताला शोधायला, आणि दात गेलेत विरारला!"

पोरं आपापल्या जिभा दातांना लावून बघू लागली. पालक लावून बघू लागले. अध्यक्षांनी रुमालाआड लावून पाहिली. जी गोष्ट इतकी वर्षं फळ्यावर लिहून, छड्या दाखवून मुलांच्या गळी उतरली नव्हती, ती एका रिकाम्या तोंडानं सगळ्या मैदानाला कळली. "हे मला नोकरीत असताना फुचलं नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना.

तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली. ऋतिका डबा छातीशी धरून धावत आली. बाईंनी माईकपासून जरा बाजूला होऊन, पदराआड, नवं अस्तर लावलेल्या कवळ्या बसवल्या. कुठेही क्रीमचा ठिपका नव्हता. त्या परत माईकसमोर आल्या, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "सुशिक्षित." शब्द मैदानावरून नाण्यासारखा वाजत गेला. टाळ्या पडल्या त्या मात्र आधीच्या तासाला होत्या, हे बाईंना कळत होतं.

त्यानंतर जेवणं झाली. विठ्ठलरावांनी उगाचच सगळ्यांना 'ही माझी पत्नी' अशी ओळख करून दिली, ज्यांना ती त्यांच्याआधीपासून माहीत होती त्यांनाही. क्लेमेंटीननं कुवेतला फोन लावून पार्सल परत मागवायला सांगितलं. जेवणानंतर कोणीतरी वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, वाटत आलं. पिवळीधमक, मधासारखी गोड, पण चावायला चिवट, म्हणून बाईंनी गेली दोन वर्षं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

त्यांनी एक उचललं, हळूच दाढेखाली धरलं. वरची कवळी जागची हलली नाही. खालचीही नाही.

इतक्यात हर्षवर्धन चुरी लगबगीनं आले, मागे शिक्षिका, मागे पालक. "बाई, पुढच्या महिन्यात तालुक्याच्या शिक्षकांचं शिबिर आहे. तिथे तुम्ही दोन शब्द..."

यमुनाबाईंनी हात वर केला, डोळे मिटले आणि आणखी एक घास चावला.

"थांब रे," तोंड भरलेलं असताना त्या म्हणाल्या. "आत्ता मी खातेय."